नवव्या प्रकरणात काही घडत नाही

सोमवारी दुपारच्या तासाला लाइट गेलेली होती. मुली वहीनं वारा घेत होत्या आणि मी कादंबरीच्या अठराव्या प्रकरणापर्यंत आले होते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची कमल उभी राहिली. कमल धारकडच्या बदनावरची, इथे देवासला हॉस्टेलवर राहून इंग्रजीत एम.ए. करते. दोन वर्षांत तिनं वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत नाही. "मैम, थोड़ा पीछे जा सकते हैं? नौवें चैप्टर पे," ती म्हणाली. तिच्या हातात माझ्याच नोट्सची झेरॉक्स होती. "आपने लिखा है, इस अध्याय में कोई विशेष घटना नहीं घटती, परीक्षा की दृष्टि से महत्त्वपूर्ण नहीं. पर मैंने किताब पढ़ी, मैम. उसमें वो खाना खाती है." दोघी-तिघी हसल्या, मीही हसले आणि म्हटलं, खाना तो सब खाते हैं, कमल. ती हसली नाही. "खड़े-खड़े खाती है, मैम. छब्बीस पेज तक. सामने कुर्सी रखी है, बेटी बोल रही है, बैठ जा माँ, अब यहाँ कोई मालिक नहीं है. और उससे बैठा नहीं जाता." एवढं बोलून ती खाली बसली. बसल्यावर हळूच म्हणाली, "मेरे को तो लगा, सबसे बड़ी घटना यही है." मी म्हटलं, गुड पॉइंट, सब लोग नोट कर लो, आणि पुन्हा अठराव्यावर आले. ज्या शिक्षकानं पुस्तक वाचलेलं नसतं तो असंच गुड पॉइंट म्हणतो, हे वर्गातल्या निदान एका मुलीला तरी कळलं असणार.

कारण नववं प्रकरण मी वाचलेलंच नव्हतं. दहावंही नाही, अकरावंही नाही. अभ्यासक्रम बदलला तेव्हा ही कादंबरी माझ्या गळ्यात पडली. दूरच्या देशातली, जहाजांतून आणून विकलेल्या माणसांची, त्यांच्या मुलींची आणि नातींची. बेड्या तुटून साठ वर्षं झाल्यावरही त्या हातापायांत कशा राहतात, त्याची. दिवाळीच्या सुट्टीत मी ती घेऊन बसले आणि सहा प्रकरणांतच जीव गुदमरला. एवढं दुःख फराळाच्या घाईत कोण वाचणार, म्हणून उरलेल्या सोळा प्रकरणांचे सारांश मी फोनवरून इथून तिथून गोळा केले. हिंदी-इंग्रजीची भेळ केली, प्रत्येक प्रकरण पाच ओळींत बसवलं आणि मुलींना देऊन टाकलं. त्या नोट्स गाजल्या. धारच्या, सरदारपूरच्या मुली त्यांच्या झेरॉक्स काढतात, 'देवश्री मैम के नोट्स' म्हणून. लोकांनी नावाजलेल्या गोष्टीकडे पुन्हा वळून बघायचं नसतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकवीस वर्षं मी शिकवते आहे आणि सोमवारी पहिल्यांदा मला वर्गात उभं राहायची लाज वाटली.

संध्याकाळी घरी येऊन मी नववं प्रकरण वाचलं. ओट्यापाशी, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. नंतर शिट्ट्या मोजायचं राहिलं. ती बाई भिंतीकडे तोंड करून जेवते, ताटली डाव्या हातात, छातीच्या अगदी जवळ. घास मोठे घेते, चावत नाही, कान मागे असतात. मुलगी समजावते, चिडते, रडते. शेवटी मुलगीही उठते आणि आईशेजारी उभी राहून जेवायला लागते. आणि नात, जिनं मालक म्हणून कुणाला पाहिलेलंच नाही, ती दाराशी उभी राहून हे बघते आणि उद्यापासून आपणही असंच जेवायचं, मोठ्या बायका असंच जेवतात, असं ठरवून टाकते. एवढंच. विशेष घटना काहीच घडत नाही. "क्या हुआ, उभी का वाचतेयस? बस ना," योगेंद्र हॉलमधून म्हणाला. हा माझा नवरा. याचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून देवासला आले, त्यांच्या घरी कोण कुठे बसतं याचे नियम नव्हते. मी पुस्तक मिटलं आणि माझ्या लक्षात आलं की त्या बाईची पाठ मी ओळखते. पाठीच्या कण्याचा तो बाक, खांद्यावरून पुढे घेतलेला पदर आणि मागे कुणी आलं की कानाजवळची जी एक शीर हलते, तीसुद्धा. ही पाठ मी धारला बारा वर्षं पाहिली होती.

भवानीबाई. माझे पणजोबा धार संस्थानच्या नोकरीत होते, आम्ही सरकारी बिऱ्हाडात राहायचो. माझी आजी लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा तिच्या माहेरच्यांनी आंदण दिलं. भांडी दिली, एक गाय दिली आणि दहा वर्षांची भवानी दिली. हे मी लहानपणी शंभरदा ऐकलं, ह्याच क्रमानं, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. संस्थान गेलं, गाय मेली, भांड्यांना पोचे आले, भवानीबाई राहिल्या. पगार नव्हता, लुगडी मिळायची. तिचं लग्न कुणी केलं नाही, कारण ती गेली असती. ती आमच्या घरातलीच होती असं आमच्याकडे सगळे म्हणतात. घरातल्या माणसाबद्दल असं कुणी म्हणत नाही, हे मला सोमवारी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी सुचलं. मागच्या बोळात, मोरीच्या वर, कमरेएवढ्या उंचीवर एक दगडी फळी होती. सगळ्यांची जेवणं झाली की भवानीबाई तिथे ताट ठेवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्यानं जेवायच्या. मला त्यांनी न्हाऊ घातलं, माझ्या वेण्या घातल्या, मी तापले की रात्रभर उशाशी बसल्या. त्या जेवायला बसलेल्या मात्र मी एकदाच पाहिल्या.

ते मला आठवायचं नव्हतं. माणूस मोठं प्रकरण विसरत नाही, त्याचा सारांश करतो. माझा सारांश असा होता की भवानीबाई मी बारा वर्षांची असताना तापानं गेल्या. पण त्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगते. त्यांना आठ दिवस ताप होता, पाय लटपटत होते. दुपारी घर निजलेलं. मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात पाटावर भवानीबाई बसलेल्या. पुढ्यात ताकभात. पाठ भिंतीला टेकलेली, एक पाय लांब केलेला. मला बघून त्या हसल्या. तसं हसू मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं, आळसावलेलं, दुपारचं. आणि मला गंमत वाटली. खरंच गंमत, दुसरं काही नाही. मी पळत पुढच्या खोलीत गेले आणि आजीला हलवून म्हटलं, चल बघ, भवानीबाई पाटावर बसल्यात. आजी उठली. दारापर्यंत आली. ती एक शब्द बोलली नाही, हे मी शपथेवर सांगीन. नुसतं पाहिलं. भवानीबाईंनी ताट उचललं, भिंत धरून उठल्या आणि ते घेऊन मागच्या बोळात गेल्या. फळीवर ताट ठेवल्याचा आवाज आला. पुढे महिन्याभरात त्या गेल्या आणि त्या महिन्यात माझ्या वेण्या त्यांनीच घातल्या, पण माझ्यासमोर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मी कुणाला हे सांगितलं नाही, आईला नाही, योगेंद्रला नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं ना.

सोमवारच्या त्याच संध्याकाळी तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे वडील, त्र्याऐंशी वर्षांचे, धारला एकटे राहतात. आई गेल्यापासून स्वयंपाकाला बाई येते. गेली चार वर्षं ते आमच्या घराण्याचा वृत्तांत लिहीत आहेत. साडेतीनशे वर्षं, अकरा पिढ्या, प्रत्येक माणसाला तीन ते पाच ओळी. नातवंडांना मराठी धड वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक पिढीचा हिंदी सारांश मी करून द्यायचा असं ठरलं होतं. सारांशात माझा हात बसलेला आहे, हे त्यांनाही माहीत होतं. "परवा सर्वपित्री," ते म्हणाले. "माझ्या नातीलाही आण, उर्वीला. माझ्याच्यानं आता सगळं होत नाही, तू बघून ठेव. आणि उभं पान विसरायचं नाही हो. तुझ्या आजीची, शेवटची राहिलेली पिढी झाली का लिहून? गुरुवारी प्रेसला द्यायचंय. थोडक्यात लिही, पसारा नको." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले.

उभं पान. आमच्याकडे सर्वपित्रीला ब्राह्मणांची पानं वाढतात, कावळ्याचं गच्चीवर ठेवतात, गाईचं देतात, आणि मग एक पान मागच्या बोळात त्या फळीवर ठेवतात. ते जमिनीवर ठेवायचं नाही. खालून पाट द्यायचा नाही, भोवती रांगोळी काढायची नाही. ते कधी सुरू झालं याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं, मला वाटायचं हा पिढीजात कुळाचार आहे, कुणाच्या घरी नवरात्रात काय असतं, तसा. सरकारी बिऱ्हाड सोडून तात्यांनी कॉलनीत तीन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा मागच्या बोळात कमरेएवढ्या उंचीवर कडप्पा बसवून घेतला. गवंड्यानं विचारलं होतं, भिया, यहाँ क्या रखोगे, ना नल है ना कुछ. तात्या म्हणाले होते, हमारे यहाँ रहता है. मी तेव्हा कॉलेजात होते, तिथेच होते, आणि मलाही तेवढं उत्तर पुरलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जहाजांतून आणलेल्या माणसांवर मी तीन वर्षं व्याख्यानं दिली आणि माझ्या बापाच्या घरात एका बाईसाठी मेल्यावरही उभं राहायची जागा बांधून ठेवलेली होती.

रात्री मी लॅपटॉप उघडून तात्यांचा मजकूर पाहिला. भवानीबाईंबद्दल एक ओळ होती, आजीच्या चार ओळींच्या शेपटाला. 'यांच्यासोबत माहेराहून भवानी नावाची एक प्रामाणिक बाई आली व तिने अखेरपर्यंत घराची सेवा केली.' त्याचा हिंदी सारांश करायला गेले तर ही ओळ गळतेच. अख्खी पिढी पाच ओळींत बसवायची तर शेपूट जातंच, हे सांगायला सारांशकार कशाला हवा. ती गाळली की माझं काम संपत होतं, तात्यांचं पुस्तक गुरुवारी प्रेसला जात होतं, आणि मी त्या दुपारी काय केलं ते माझ्याबरोबरच जात होतं. दुसरा रस्ता म्हणजे सगळं लिहायचं. पण त्यात आजी येणार, तात्यांची आई. ते माणूस चार वर्षं चष्म्यावर भिंग धरून लिहितंय. त्यांना काय सांगू, की तुमच्या अकरा पिढ्यांत एक बाई उभी आहे? आणि तिला शेवटची उठवणारी मी आहे? मी ओळ खोडली, परत टाईप केली, परत खोडली, आणि लॅपटॉप मिटून टाकला.

मंगळवारी कमल स्टाफरूमच्या दाराशी आली. तिला वाटलं मी रागावले आहे. "सॉरी मैम, सबके सामने बोलना नहीं था." मी तिला बस म्हटलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली, अर्धी. मला ते अर्धं बसणं दिसलं, आजवर दिसलं नव्हतं. मी विचारलं, नववं प्रकरण तू का वाचलंस, मी तर नको म्हणून लिहिलं होतं. "इसीलिए पढ़ा," ती म्हणाली आणि मग खाली बघत म्हणाली, "मेरी दादी है ना मैम, गाँव में पटेल के घर के सामने से निकलती है तो चप्पल हाथ में ले लेती है. अब तो वो लोग इंदौर चले गए, घर पे ताला है. कोई बोलने वाला नहीं. फिर भी. मैं छोटी थी तो मैं भी हाथ में ले लेती थी, मेरे को लगता था रास्ते में काँटे हैं." मी विचारलं, दादीला कधी विचारलंस का? "क्या पूछूँ मैम. वो बोलेगी, कुछ नहीं, आदत है." ती उठली. जाताना म्हणाली, "आप नौवें का नया बना दोगे ना? लड़कियाँ पूछ रही हैं." मी म्हटलं बनवते.

बुधवारी दोन ऑक्टोबरची सुट्टी होती. योगेंद्रनं गाडी काढली, मागे उर्वी कानात इयरफोन घालून. उर्वी सतरा वर्षांची आहे, मराठी समजते, बोलायची वेळ आली की हिंदीवर उतरते. इंदूरच्या पुढे रस्त्याच्या अर्ध्या भागात सोयाबीन वाळत घातलेलं, ट्रक त्यावरूनच जात होते. मला सारखं वाटत होतं की पोचूच नये. धारला तात्या सोवळं नेसून तयार होते, गुरुजी आलेले. तर्पणाची नावं तात्यांनी खणखणीत आवाजात घेतली, वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, सासरची, मामाची, गुरू, मित्र. सगळ्यांची गोत्रं तोंडपाठ. मी ऐकत होते, एक नाव येतं का म्हणून. आलं नाही. गुरुजी जेवून गेले, कावळा वेळेवर आला, तात्या खूश झाले. मग ते म्हणाले, "देवू, आता ते पान."

मी पान वाढलं. खीर, भरड्याचे वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. कढी द्रोणात. पान घेऊन बोळात गेले आणि माझे हात फळीपर्यंत गेले नाहीत. मी परत आत जाऊन देवघरासमोरचा पाट उचलून आणला, बोळात मांडला आणि त्यापुढे, खाली जमिनीवर, पान ठेवलं. तात्या काठी टेकत दाराशी आले होते. "खाली नाही," ते म्हणाले. "वर ठेव. ती बसत नाही." ती, म्हणाले ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या पानाला माणूस मिळालं. "तात्या, बसली होती एकदा," मी म्हटलं. "मी उठवलं तिला." आणि मी सांगितलं. ताकभात, लांब केलेला पाय, हसू, आजीचं दाराशी येणं. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कडप्प्याकडे बघत होते. मला वाटलं ते आईची बाजू घेतील, किंवा म्हणतील, तू लहान होतीस.

तात्यांनी दाराची चौकट धरली. "मी सहा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "संक्रांत होती. ती पाटावर बसून तिळाची वडी खात होती. मी आईला जाऊन सांगितलं. शहाणपणा वाटला मला. आईनं काही म्हटलं नाही हो, नुसतं पाहिलं. त्याआधी ती अधूनमधून बसायची, देवू. मला आठवतंय, बसायची. त्यानंतर नाही." त्यांचा श्वास लागला होता. "ती गेली त्या वर्षी मी गुरुजींना म्हटलं, हिचं नाव घ्या. ते म्हणाले गोत्र काय, वडिलांचं नाव काय. मला काय ठाऊक? कुणी विचारलंच नव्हतं. मग मीच हे पान सुरू केलं. आईनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, असतं. आणि वर ठेवलं, कारण खाली ठेवलं तर ती जेवणार नाही. उपाशी राहील." कुळाचार नव्हता तर. माझ्या वडिलांनी एकट्यानं, कुणाला न सांगता, चौतीस वर्षं चालवलेली ती गोष्ट होती, आणि त्यात प्रेम होतं, आणि ते प्रेमही तिला बस म्हणू शकत नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला. दोन्ही खरे होते. "मग पुस्तकात एक ओळ का?" मी विचारलं. "त्याहून जास्त लिहिलं," ते म्हणाले, "तर सगळंच लिहावं लागतं."

तेवढ्यात उर्वी आली. एक इयरफोन कानात, एक लोंबत. "मम्मा, पापा को भूख लगी है, चलो ना." आणि मग तिनं खाली पाहिलं. "अरे, ये नीचे किसने रख दिया? ये तो ऊपर रहता है." आम्ही काही म्हणायच्या आत तिनं वाकून दोन्ही हातांनी पान उचललं, कढी सांडू न देता, अगदी जपून, आणि कडप्प्यावर ठेवलं. मग पायानं पाट भिंतीकडे सरकवला. तिला मी हे कधी शिकवलं नव्हतं. तात्यांनीही नाही. ती दरवर्षी दाराशी उभी राहून नुसती बघत आली होती. तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "क्या हुआ? मैंने कुछ गलत किया क्या?"

"नाही," मी म्हटलं. "तू नाही." मी पाट परत ओढला आणि तिला म्हटलं, "बस. तुला एका बाईबद्दल सांगायचंय."

"अभी?" ती बसली, एक इयरफोन अजून कानातच. "शॉर्ट में बताओ ना, मम्मा. भूख लगी है."

मी तोंड उघडलं. पण तात्या माझ्याआधी बोलले. भिंत धरत, गुडघे दाबत ते खाली उतरत होते, नातीसमोर, बोळातल्या उघड्या फरशीवर. "शॉर्टमध्ये नाही," ते म्हणाले, आणि बसल्यावर त्यांनी हात पुढे करून तिच्या कानातला इयरफोन काढला. "तिचं नाव भवानी. आमच्याकडे आली तेव्हा ती दहा वर्षांची होती."